दाढ काढली, खड्डा भरेना: आईच्या जबड्याचं ऑपरेशन करायचं की थांबायचं?

पत्र: आम्ही सिडकोत राहतो. आईचं वय ६४. सहा वर्षांपूर्वी तिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. तीन वर्षांपूर्वी तो मणक्यात पसरल्याचं कळलं. तेव्हापासून लेट्रोझोल आणि पाल्बोसिक्लिब या कॅन्सरच्या गोळ्या चालू आहेत. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड ४ मिलिग्रॅम सलाईनमधून देतात, पहिलं वर्षभर दर महिन्याला आणि नंतर दर तीन महिन्यांनी. पाच महिन्यांपूर्वी खालची उजवी दाढ हलते म्हणून काढली. डेंटिस्टना इंजेक्शनचं सांगायचं राहून गेलं. तो खड्डा भरलाच नाही. आत पिवळट हाड दिसतं, पू येतो, तोंडाला वास येतो आणि महिनाभरापासून खालच्या ओठाला उजवीकडे मुंग्या येतात. दवाखान्यात तीनदा खरवडून झालं. आता तोंडाचे सर्जन म्हणतात, जबड्याचं हाड काढावं लागेल. कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात, घाई नको. आईला मधुमेह आहे, तीन महिन्यांची सरासरी साखर ८.६. ती मिशरीही लावते. ऑपरेशन करावं का? नेमकं काय कापतात? इंजेक्शन बंद करायचं का? मुंबईला न्यावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर:

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: ओठाला मुंग्या येतात. आधी त्याचं बघू, दोन डॉक्टरांतल्या मतभेदाचं नंतर.

खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. तीच पुढे खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. हाडांच्या इंजेक्शनमुळे जबड्याचं हाड मरू शकतं, आईला बहुधा तेच झालंय (कसं ते पुढे सांगतो). अशा मेलेल्या हाडातला जंतुसंसर्ग या नसेपर्यंत पोचला की ओठ बधिर होतो किंवा मुंग्या येतात. पण ज्या पेशंटचा कॅन्सर हाडांत गेलेला आहे, तिच्या बाबतीत दुसरी शक्यताही तितकीच गंभीरपणे घ्यावी लागते. तो जबड्यातही उतरला असेल तर लक्षण हेच दिसतं. दोन्हींचा इलाज पूर्णपणे वेगळा आहे. म्हणून ऑपरेशन हो की नाही हे ठरण्याआधी जबड्याचा सीटी स्कॅन हवा. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) ठीक असेल तर रंगद्रव्य देऊन केलेला, म्हणजे हाडाबरोबर आजूबाजूचं मांसही दिसतं. हाडातला बराच चुना गेल्याशिवाय नुसत्या ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) फारसं काही दिसत नाही, त्यामुळे ‘ओपीजी नॉर्मल आहे’ एवढ्यावर निश्चिंत राहू नका. स्कॅनमध्ये गाठीसारखं काही दिसलं तर मोठ्या ऑपरेशनआधी बायोप्सी. तसं काही नसेल तर वेगळी जखम करायची गरज नाही, पण ऑपरेशनमध्ये निघालेलं हाड आणि कडेचं मांस पॅथॉलॉजीला गेलंच पाहिजे. हे सर्जनना आधीच सांगून ठेवा.

आता आजाराबद्दल. झोलेड्रॉनिक ॲसिड हाड कुरतडणाऱ्या पेशींना थोपवतं. मणक्यासाठी ते हवंच असतं. पण आपलं हाड सतत मोडत आणि नव्यानं घडत असतं, आणि जबड्यात हा व्यवहार जास्त वेगानं चालतो. तिथं जुनं हाड काढून टाकणारेच संपावर गेले की दाढेच्या जागी नवं हाड येत नाही, तोंडातले जंतू आत शिरतात आणि तो तुकडा मरतो. २००३ साली हे दुखणं पहिल्यांदा वैद्यकीय नियतकालिकात नोंदलं गेलं. निदानाला तीन गोष्टी लागतात: असं औषध आत्ता किंवा पूर्वी चालू असणं, आठ आठवड्यांपेक्षा जास्त काळ हाड उघडं असणं (किंवा पू येणाऱ्या छिद्रातून सळई हाडाला लागणं), आणि जबड्याला शेक (रेडिएशन) दिलेला नसणं किंवा तिथं कॅन्सर उतरलेला नसणं. छातीला किंवा मणक्याला शेक दिला असेल तर तो इथं मोजत नाहीत. मूळ दाढ हलत होती म्हणताय, तर हिरडीचा संसर्ग बहुधा आधीपासूनच होता. दाढ काढणं हे निमित्त झालं असेल, एकटं कारण नव्हे. त्यामुळे डेंटिस्टना सांगायचं राहिलं याचा दोष स्वतःला लावत बसू नका.

त्या तीन खरवडण्यांबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. आता चौथ्यांदा कुणाला हात लावू देऊ नका. मेलेलं हाड कुठं संपतं आणि जिवंत कुठून सुरू होतं हे खुर्चीवर बसवून, दाढ काढायची भूल देऊन कळत नाही. त्या भुलेत ॲड्रिनलिन असतं, त्यानं जिवंत हाडातूनही रक्त कमी येतं आणि अंदाज चुकतो. त्यात खरवडून झाल्यावर जखम उघडीच सोडली जाते. दर वेळी थोडं नवं हाड लाळेत आणि जंतूंत उघडं पडतं. याला वाट बघणं म्हणता येत नाही आणि ऑपरेशनही म्हणता येत नाही. दोन्हींचा तोटा तेवढा पदरात पडतो.

ऑपरेशनचं यश दोन गोष्टींवर ठरतं. मेलेलं हाड जिवंत कडेपर्यंत पूर्ण निघालं पाहिजे आणि वरची हिरडी ताण न येता, लाळ झिरपणार नाही अशी बंद झाली पाहिजे. बाकीचं सगळं या दोन गोष्टींना मदत म्हणून असतं.

थांबायचं की करायचं? पूर्वीची रीत अशी होती की गुळण्या आणि अँटिबायोटिक देत राहायचं आणि जबडा मोडला किंवा बाहेर गालाला छिद्र पडलं तरच ऑपरेशन. गेल्या दहा-बारा वर्षांत ही धारणा बदलली. अमेरिकेतल्या तोंड-जबड्याच्या सर्जनांच्या संघटनेनं २०२२च्या आपल्या भूमिकेत प्रत्येक टप्प्यावर ऑपरेशन हा पर्याय मान्य केलाय, शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेला नाही. उघडं हाड आहे पण दुखत नाही, पू नाही, हा पहिला टप्पा. दुखणं किंवा पू आला की दुसरा. हाडाची खालची कडा, नाकाजवळची पोकळी, फ्रॅक्चर किंवा बाहेरचं छिद्र इथवर गेलं की तिसरा. तुमच्या वर्णनावरून आई निदान दुसऱ्या टप्प्यात आहे. तिसरा आहे का, ते स्कॅन सांगेल. पाच महिने, पू आणि नसेचा त्रास हे बघता, स्कॅनमध्ये कॅन्सर नसेल आणि तब्येत भूल सोसण्याजोगी असेल, तर आमचं मत ऑपरेशनच्या बाजूनं आहे. थांबणं शहाणपणाचं कधी? दुखत नाही, पू नाही तेव्हा. मेलेला तुकडा आपणहून सुटत आलाय आणि हलतोय तेव्हा. किंवा मूळ आजार इतका पुढे गेलाय की उरलेले महिने आरामात जावेत एवढीच अपेक्षा आहे, तेव्हा.

तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांचं ‘घाई नको’ यामागं बहुधा पाल्बोसिक्लिब असावं. ही गोळी २१ दिवस घेऊन ७ दिवस बंद ठेवतात आणि तिच्यामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी घटतात. त्या १,०००च्या खाली असताना जबडा उघडणं म्हणजे संसर्गाला बोलावणं. १,५००च्या वर असतील तर जास्त निर्धास्तपणे करता येतं. म्हणून ऑपरेशनची तारीख गोळीच्या सुट्टीशी जुळवावी लागते आणि जखम धरेपर्यंत गोळी पुढे ढकलायची का, हे त्यांनीच ठरवायचं असतं. लेट्रोझोल सहसा थांबवावं लागत नाही. म्हणजे दोघे डॉक्टर एकमेकांच्या विरुद्ध बोलत नसतीलही. एक ‘काय’ सांगतायत, दुसरे ‘केव्हा’. दोघांना एकदा फोनवर जोडून द्या. निम्मा गुंता तिथंच सुटेल.

तयारीला दोन ते तीन आठवडे धरा. साधारण यात काय असतं ते सांगतो, औषधं मात्र डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. संसर्ग शमवायला अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड ६२५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं. काही सर्जन ऑपरेशनआधी आठ-दहा दिवस डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा देतात. त्यानं संसर्ग तर आवरतोच, शिवाय जिवंत हाड निळ्या-जांभळ्या प्रकाशात हिरवट चमकतं आणि मेलेलं फिकं किंवा काळपट राहतं. ही गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, आणि दूध व कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास लांब. कॅल्शियम आईला चालू असणारच, तेव्हा वेळा कागदावर लिहून फ्रिजवर लावा. क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्क्याच्या १० मिलिलिटरच्या गुळण्या दिवसातून दोनदा, मिनिटभर. ब्रश केल्यावर लगेच नको, अर्ध्या तासानं. रक्तात हिमोग्लोबिन, पेशी, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि साखर बघतात. ८.६ ही सरासरी आठच्या खाली आली तर बरं. पण ती उतरायला महिने लागतात आणि पू तेवढा थांबत नाही. रोजची साखर इन्सुलिननं आटोक्यात आणून पुढे जाणं जास्त व्यवहार्य. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मनानं बंद करू नका.

मिशरी आजपासून बंद. ‘ऑपरेशनपुरती’ बंद करून चालणार नाही. तंबाखूनं हिरडीचा रक्तपुरवठा आक्रसतो आणि बोटानं घासताना टाके उसवतात. लवंगेचं तेल, तुरटी, हळदीचा लेप उघड्या हाडावर लावू नका. लवंगेच्या तेलानं कडेची हिरडी भाजते आणि ऑपरेशनच्या दिवशी ओढून शिवायला तीच हिरडी लागणार असते.

आता प्रत्यक्ष ऑपरेशन. हे पूर्ण भुलेखाली करतात. श्वासाची नळी नाकातून घालतात, म्हणजे तोंड मोकळं राहतं. उघड्या हाडाच्या दोन्ही बाजूंनी निरोगी हिरडी हाडावरच्या पातळ आवरणासकट उचलतात. सुटलेला तुकडा असेल तर तो निघतो. मग बर (बारीक ड्रिल) किंवा पिझोच्या (कंपनांनी हाड कापणाऱ्या) यंत्रानं, सलाईनचं पाणी सोडत सोडत, मेलेलं हाड उतरवत जातात. कुठं थांबायचं हे रंग, कठीणपणा, रक्ताचे ठिपके आणि उपलब्ध असेल तर तो निळा प्रकाश, या सगळ्यांवरून ठरतं. नुसत्या रक्तावर भिस्त ठेवली तर कधी जास्त, कधी कमी कापलं जातं. मेलेल्या भागात अडकलेले शेजारचे दातही जातात. ते वाचवायच्या मोहात हाड उरलं तर सहा महिन्यांनी पुन्हा तेच. नंतर सगळ्या कडा गोल करतात, विशेषतः जिभेकडची. तिथली हिरडी आधीच कागदासारखी पातळ असते आणि खालून टोचणारी कड तिला आतून फाडते.

मग शिवणं. हा भाग वाचायला रटाळ वाटेल, पण बहुतेक ऑपरेशनं इथंच फसतात. हिरडी लवचीक नसते. ती नुसती ओढून शिवली तर आठवड्यात तुटते. म्हणून गालाच्या बाजूला आतलं आवरण बारीक चिरून ती सैल करतात, गरज पडली तर जिभेखालचा स्नायू हाडावर ओढून खालचा थर करतात आणि वर हिरडीचा दुसरा थर. वरच्या जबड्यात याच कामाला गालातली चरबीची गादी वापरतात. काही ठिकाणी स्वतःच्या रक्तापासून बनवलेली पीआरएफची जाळी मध्ये ठेवतात. त्यात गैर काही नाही, पण ‘आम्ही पीआरएफ लावतो’ हे चांगल्या टाक्यांना पर्याय म्हणून कुणी सांगत असेल तर सावध व्हा. निघालेल्या हाडाचा एक नमुना पॅथॉलॉजीला, दुसरा कल्चरला (जंतू वाढवून ओळखायला), आणि तोही हाडाच्या आतला. वरच्या पुवाचा स्वॅब फारसा उपयोगी नसतो. या आजारात ॲक्टिनोमायसिस नावाचा जंतू वारंवार सापडतो. तो हळू वाढतो, म्हणून कल्चरची प्लेट दोन दिवसांत टाकून देऊ नका असं लॅबला चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं. तो निघाला तर अँटिबायोटिक बरेच आठवडे चालतं.

‘जबडा कापतात’ या शब्दांत दोन वेगळी ऑपरेशनं दडलेली असतात. एकात वरचा भाग निघतो आणि खालची कडा अखंड राहते. चेहरा बदलत नाही. मागं उरलेलं हाड साधारण सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं असेल तर मोडू नये म्हणून आधाराला टायटॅनियमची प्लेट लावतात. खालची कडाही मेलेली असेल किंवा जबडा मोडलेला असेल तर दुसरं: हाडाचा तेवढा भाग आरपार काढतात. मग मधलं अंतर जाड प्लेटनं सांधायचं, दोन्ही टोकांना निदान तीन-तीन स्क्रू. किंवा पायातल्या फिब्युला हाडाचा तुकडा रक्तवाहिन्यांसकट आणून बसवायचा. हे दुसरं दिवसभराचं काम असतं, बारीक रक्तवाहिन्या जोडणारी मायक्रोव्हॅस्क्युलर टीम लागते, आणि मधुमेहात पायाच्या रक्तवाहिन्या आधी तपासाव्या लागतात. नुसती प्लेट लवकर होते, पण काही वर्षांत ती हिरडीतून किंवा त्वचेतून बाहेर डोकावू शकते. कॅन्सर पसरलेल्या पेशंटमध्ये कोणतं निवडायचं, हे पुढची किती वर्षं धरून चालायचं यावर ठरतं. प्रश्न कठीण आहे, पण तो कॅन्सरच्या डॉक्टरांना सरळ विचारा. तुमचे सर्जन यातलं कोणतं ऑपरेशन म्हणतायत, हे पत्रावरून कळत नाही. हाच त्यांना विचारायचा पहिला प्रश्न.

नंतरचे दोन आठवडे घरच्यांच्या हातात असतात. मोठी जखम असेल तर सात ते चौदा दिवस नाकातल्या नळीनं जेवण. लहान असेल तर पातळ: नाचणीची पेज, गाळलेलं वरण, ताक, प्रोटीन पावडर घातलेलं दूध. साखरेवर लक्ष ठेवून. नंतर मऊ भात, दुधात कुस्करलेली भाकरी. हाड बारीक उरलं असेल तर सहा आठवडे चावायचं काही नाही, म्हणजे चिवडा, शेव, मिसळीवरची फरसाणसुद्धा. स्ट्रॉनं ओढायचं नाही, थुंकताना जोर नाही. कवळी असेल तर सर्जन सांगेपर्यंत डब्यात. टाके दहा-चौदा दिवसांनी काढतात. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला दाखवायचं, पुढे एक, तीन, सहा महिन्यांनी आणि वर्षानं, अधूनमधून एक्स-रेसह.

सगळ्यात जास्त वेळा काय बिघडतं? टाका उसवून हिरडी थोडी उघडते. असं झालं तर घाबरून ताबडतोब पुन्हा शिवायला लावू नका. लहान उघडीप गुळण्या आणि स्वच्छतेनं भरून येऊ शकते. आठ आठवड्यांनंतरही हाड दिसत असेल तर मेलेलं हाड मागं राहिलंय असं धरायचं. ओठाच्या मुंग्या लगेच जातील अशी आशा नको. नस सुटली तरी सुधारायला महिने लागतात आणि ऑपरेशननं बधिरपणा कायमचा राहण्याचीही शक्यता असते. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी आईला हे सांगा. तिला, नुसतं तुम्हाला नव्हे. अचानक चावताना ‘कट्’ आवाज होऊन दात जुळेनासे झाले, ताप आला, गळ्याखाली सूज चढली किंवा गिळताना त्रास झाला तर सकाळची वाट बघायची नाही.

इंजेक्शनचं काय? झोलेड्रॉनिक ॲसिड हाडात वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे दोन डोस चुकवल्यानं जबडा बरा होईल असं नाही. तरीही जखम भरेपर्यंत पुढचा डोस लांबवण्याकडे बऱ्याच डॉक्टरांचा कल असतो, आणि आईला आधीच बरेच डोस झालेले असल्यानं मणक्याचं त्यात सहसा फार बिघडत नाही. निर्णय त्यांचा. पण कुणी ‘त्याऐवजी डेनोसुमॅब (हाडांसाठीचं दुसरं इंजेक्शन) घेऊ, ते जबड्याला सुरक्षित’ असं म्हणालं तर ते खरं नाही. कॅन्सरच्या डोसमध्ये, म्हणजे दर चार आठवड्यांनी १२० मिलिग्रॅममध्ये, त्याचाही धोका तितकाच किंवा थोडा जास्त आहे. ओळखीतल्या कुणाला टेरिपॅराटाइडच्या रोजच्या इंजेक्शनानं जबडा बरा झाल्याचं ऐकाल. तो पेशंट ऑस्टिओपोरोसिसचा, म्हणजे ठिसूळ हाडांचा असेल. हाडांत कॅन्सर असताना ते औषध देत नाहीत.

मुंबई? आरपार न कापता होणारं ऑपरेशन नाशिकमध्ये होऊ शकतं. मॅक्सिलोफेशियल सर्जन, आयसीयू असलेलं हॉस्पिटल आणि आईची कॅन्सरची फाईल एका शहरात असणं ही मोठी सोय आहे. पंचवटीतल्या कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयात दुसरं मत घेता येईल. फिब्युला लागणार असेल तर ती टीम इथं नियमित हे काम करते का ते विचारा. नसेल तर मुंबईला जाणं योग्य. मात्र पहिल्या महिन्यातल्या तपासण्यांसाठी दर आठवड्याला कसारा घाट उतरायची तयारी ठेवा, किंवा त्या इथल्या सर्जनकडे करायची आधीच बोली करून घ्या. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. हे ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. मंजुरी आधी घ्यावी लागते, बिल झाल्यावर नाही.

हे वाचून ऑस्टिओपोरोसिससाठी आठवड्याची अलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅमचं सलाईन घेणाऱ्यांनी औषध सोडू नये. त्यांच्यात हा आजार दहा हजारांत काही जणांनाच होतो आणि मोडलेला खुबा त्याहून कितीतरी जास्त महागात पडतो. डेनोसुमॅब ६० मिलिग्रॅम घेणाऱ्यांनी तर सहा महिन्यांची तारीख मनानं चुकवूच नये. ते अचानक थांबलं की मणके मोडतात. आणि ज्यांना कॅन्सरसाठी ही इंजेक्शनं सुरू व्हायची आहेत, त्यांनी आधी दात तपासून घ्यावेत. काढायचे ते काढून दोन-तीन आठवडे जखम भरू द्यावी आणि मग पहिला डोस.

सर्जनकडे जाताना सोबत न्या: झोलेड्रॉनिक ॲसिडच्या प्रत्येक डोसची तारीख लिहिलेला कागद, दाढ काढायच्या आधीचा एक्स-रे असेल तर तो, गेल्या तीन महिन्यांतले रक्ताचे रिपोर्ट, शेवटच्या पेट स्कॅनची सीडी (नुसता रिपोर्ट नको) आणि सगळ्या गोळ्या, पाकिटांसकट पिशवीत.